म्येल्बीचा २०२५चा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ साली स्वीडनच्या सर्वोच्च फुटबॉल साखळीचं विजेतेपद समुद्रकाठच्या एका कोळीवाड्याने जिंकलं. तेव्हापासून इथे राहणारे मराठी मित्र, भारतातले फुटबॉलवेडे भाचे-पुतणे आणि एरवी फक्त इंग्लंड-स्पेनचे सामने बघणारे ओळखीचे लोक सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. आधीच सांगतो, या हंगामाला ‘परीकथा’ म्हटलेलं मला पटत नाही. का, ते पुढे येईलच.

म्येल्बी म्हणजे काय? नावाचा उच्चार नक्की कसा?

क्लबचं पूर्ण नाव म्येल्बी एआयएफ. सुरुवातीचा ‘म्ये’ एका दमात म्हणायचा, ‘मजाल्बी’ नाही. भारतातल्या बऱ्याच समालोचकांच्या तोंडी ‘मजाल्बी’ बसलंय, कारण रोमन लिपीत तिथे ‘जे’ हे अक्षर दिसतं. स्वीडिश भाषेत ते ‘य’ असतं. १९३९ साली लिस्टर्स आयएफ आणि म्येल्बी आयएफ या शेजारच्या दोन क्लबांचं एकत्रीकरण झालं आणि हा क्लब उभा राहिला. रंग पिवळा आणि काळा. म्येल्बी हे गावाचं नाव आहे, पण क्लबचं मैदान त्या गावात नाही. ते थोडं पुढे, हेल्लेविक नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीत आहे.

हेल्लेविक केवढं आहे? खरंच इतकं छोटं?

खरंच. हजाराच्या आसपास माणसं. स्वीडनच्या दक्षिण टोकाला ब्लेकिंगे नावाचा प्रांत आहे. त्यात सोल्वेसबोरी हा तालुका, आणि त्या तालुक्यातून बाल्टिक समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ म्हणजे लिस्टरलांदेत. सपाट जमीन, बटाट्याची शेती, मिंक नावाच्या प्राण्याच्या फरसाठी चालणारी फार्म्स, छोटी बंदरं, मासे धुरावायच्या भट्ट्या. शेजारच्या नोगेर्सुंद बंदरातून हानो नावाच्या बेटावर बोट जाते. सोल्वेसबोरीचं नाव एरवी बाहेरच्यांना ऐकू येतं ते जवळच्या नोर्ये गावात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या रॉक संगीताच्या महोत्सवामुळे.

क्लबच्या मैदानाचं नाव स्ट्रांदव्हालेन. स्ट्रांद म्हणजे किनारा, आणि नाव शब्दशः खरं आहे: मैदानाच्या मागे झाडांची एक रांग आणि लगेच वाळू. सहा-सात हजार माणसं मावतात, म्हणजे मैदान भरलं तर गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं आत असतात. ती आजूबाजूच्या सगळ्या वाड्या-वस्त्यांतून आलेली असतात. हा क्लब एका गावचा म्हणून ओळखला जातो, पण तो त्या अख्ख्या जिभेचा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही.

२०२५ मध्ये झालं काय, थोडक्यात?

तीस सामने. तेवीस विजय, सहा बरोबऱ्या, एकच पराभव. ७५ गुण. दुसऱ्या क्रमांकावर स्टॉकहोमचा हम्मरबी, ६२ गुणांवर. म्हणजे तेरा गुणांचं अंतर. विजेतेपद तीन फेऱ्या बाकी असतानाच पक्कं झालं होतं. क्लबच्या इतिहासातलं हे पहिलं मोठं जेतेपद. याआधी साखळीतली सर्वोत्तम कामगिरी होती पाचवा क्रमांक, २०२० आणि २०२४ मध्ये.

अल्सवेन्स्कान म्हणजे कुठली स्पर्धा?

स्वीडनची पहिल्या दर्जाची साखळी. नावाचा अर्थ साधारण ‘अखिल स्वीडिश’. १९२४ पासून चालू आहे. सोळा संघ, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना, म्हणून तीस फेऱ्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर गोलफरक पाहतात. शेवटी वेगळा अंतिम सामना नसतो. तक्त्यात वर राहील तो विजेता.

हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. युरोपातल्या बहुतेक मोठ्या साखळ्यांच्या उलट. कारण उघड आहे: जानेवारीत इथे मैदान गोठलेलं असतं आणि दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो. पण या वेळापत्रकाचा एक परिणाम असा की मोठ्या साखळ्यांचा खेळाडू-खरेदीचा बाजार उन्हाळ्यात, म्हणजे स्वीडनच्या हंगामाच्या ऐन मध्यावर उघडतो. जो संघ जूनपर्यंत चांगला खेळतो त्याचे खेळाडू जुलै-ऑगस्टमध्ये उचलले जातात. छोट्या क्लबांचे चांगले हंगाम अनेकदा तिथेच मोडतात. म्येल्बीचा मोडला नाही, आणि ती गोष्ट मला गुणांच्या आकड्याइतकीच मोठी वाटते.

मग म्येल्बीने उन्हाळ्यात खेळाडू विकले नाहीत?

विकले. सगळ्यात ठळक उदाहरण गोलरक्षक नोएल तोर्नक्विस्तचं. त्याला इटलीतल्या कोमो क्लबने विकत घेतलं. पण करार करताना त्याला उरलेल्या हंगामासाठी म्येल्बीतच ठेवायचं ठरलं. पैसे आले आणि गोलरक्षकही राहिला. छोट्या क्लबाला अशी बोलणी करता येणं हीच एक मोठी कमाई आहे, कारण समोरचा मोठा क्लब घाई करत असतो आणि खेळाडूलाही जायची ओढ असते.

७५ गुण खरंच इतके मोठे आहेत का?

हो, आणि यावर थोडं थांबूया. सोळा संघांच्या तीस फेऱ्यांत जास्तीत जास्त ९० गुण मिळू शकतात. याआधीचा या रचनेतला विक्रम ६७ गुणांचा होता. २०१० मध्ये माल्मो या क्लबने तो गाठला: एकवीस विजय, चार बरोबऱ्या, पाच पराभव. २०१८ मध्ये एआयके या स्टॉकहोमच्या क्लबने त्याची बरोबरी केली: एकोणीस विजय, दहा बरोबऱ्या, एक पराभव.

एआयकेशी ताडून बघा. पराभव दोघांचाही एकच. फरक कुठे पडला? एआयकेचे दहा सामने बरोबरीत सुटले, म्येल्बीचे सहा. अडलेले चार सामने फोडले की प्रत्येकी दोन असे आठ गुण वाढतात, आणि ६७चे ७५ होतात. हरायचं नाही हे चिवट संघांना जमतं. पण शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरीवर समाधान न मानता सामना खेचून आणणं, तेही आठवड्यामागून आठवडे, हे फार थोड्यांना जमतं. माल्मोकडे तेव्हा पैसा होता, एआयकेकडे मोठं मैदान आणि राजधानी होती. म्येल्बीने दोघांचा विक्रम आठ गुणांनी मागे टाकला. सामन्यामागे सरासरी बरोबर अडीच गुण.

गोल खाण्याचं प्रमाणही पाहावं. तीस सामन्यांत वीसच्या आत. माझ्या मते हा हंगाम तिथेच जिंकला गेला.

हे नशीब नव्हतं का? एकदाच लागलेली लॉटरी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि सगळ्यात जास्त बोचतोही.

एक-दोन सामने नशिबाने जिंकता येतात, तेवीस नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागची दहा वर्षं पाहायला हवीत. म्येल्बी पहिल्यांदा अल्सवेन्स्कानमध्ये आला १९८० साली, आणि लगेच खाली गेला. १९८३ आणि १९८५ मध्ये पुन्हा तेच. मग २०१० ते २०१४ अशी सलग पाच वर्षं वर टिकला. २०१४ मध्ये घसरला. २०१५ मध्ये दुसऱ्या स्तरावरूनही घसरला. २०१६ मध्ये तिसऱ्या स्तरावर खेळताना क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता आणि मैदानावर चौथ्या स्तरात जाता जाता वाचला.

त्या वेळी कुणी म्हटलं असतं की नऊ वर्षांनी हाच क्लब स्वीडनचा विजेता होईल, तर त्याला लोकांनी घरी नेऊन सोडलं असतं. पण झालं असं की खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ घालायचा निर्णय झाला आणि तो पाळला गेला. उभारणीच्या या काळात अध्यक्ष होते माग्नुस एमेउस, आणि खेळाच्या बाजूची धुरा होती क्लबमध्येच आयुष्य घालवलेल्या हासे लार्सोन यांच्याकडे. २०१८ मध्ये तिसऱ्या स्तरातून बढती मिळाली. लगोलग २०१९ मध्ये दुसरा स्तर जिंकला. तेव्हाचे प्रशिक्षक मिलोश मिलोयेविच पुढे रेड स्टार बेलग्रेडसारख्या नामवंत क्लबाचे प्रशिक्षक झाले. २०२० मध्ये वरच्या साखळीत पाऊल टाकताच पाचवा क्रमांक. २०२३ मध्ये स्वीडिश कपची अंतिम फेरी, तिथे हेकेन या क्लबकडून पराभव. २०२४ मध्ये पुन्हा पाचवा.

ही पायऱ्यांची रांग आहे, आणि प्रत्येक पायरीवर क्लब थोडा वेळ उभा राहिला आहे. परीकथेत जादूची कांडी फिरते. इथे कुणीतरी दहा वर्षं हिशेबाची वही नीट ठेवली.

तेव्हाचे प्रशिक्षक कोण? ते शाळेत मुख्याध्यापक होते म्हणतात, खरं का?

खरं आहे. आंदेर्स तोर्स्तेन्सोन, जन्म १९६६. आधी सैन्यात अधिकारी, मग शाळेचे मुख्याध्यापक. म्येल्बीशी त्यांचं नातं जुनं आणि अनेकदा जुळलेलं. २०२१ मध्ये संघ तक्त्याच्या तळाशी अडकला असताना हंगामाच्या मध्यात त्यांना बोलावलं आणि त्यांनी संघ वर टिकवला, तोही थेट नवव्या क्रमांकावर. मग ते बाजूला झाले आणि २०२३ मध्ये परत आले.

२०२४ मध्येच त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं, लिम्फोसाइट पेशींचा, हळूहळू वाढणारा प्रकार. त्यांनी ते लपवलं नाही आणि काम सोडलंही नाही. स्वीडनमध्ये या विषयावर भरपूर लिहिलं गेलं. मी त्यावर जास्त लिहीत नाही, कारण त्यांनी स्वतः जितकं सांगितलं तितकंच पुरेसं आहे. पण ज्या माणसाने शाळेत दंगेखोर मुलांचे पालक, सैन्यात पलटण आणि स्वतःच्या रक्ताचे अहवाल हे सगळं हाताळलंय, तो सलग तीन बरोबऱ्या झाल्या म्हणून बाकावर पाय आपटणार नाही, हे समजण्यासारखं आहे. त्या शांतपणाचा संघाला फायदा झाला असं मला मनापासून वाटतं.

सहायक प्रशिक्षकाने डोळ्यांवर डॉक्टरेट केली आहे, हे काय प्रकरण आहे?

कार्ल मारिउस आक्सुम. नॉर्वेजियन. विषय होता फुटबॉलपटू मैदानावर नेमकं काय पाहतात. त्यांनी खऱ्या अकरा-विरुद्ध-अकरा सामन्यांत खेळाडूंच्या डोळ्यांवर नजरेचा माग घेणारे चष्मे चढवून अभ्यास केला. प्रयोगशाळेत पडद्यावर चित्र दाखवून असले प्रयोग पूर्वीही होत, पण धावत्या सामन्यात ते करणं वेगळं.

सोप्या शब्दांत सांगायचं तर: चेंडू पायात आल्यावर इकडेतिकडे बघणाऱ्या खेळाडूला उशीर झालेला असतो. चांगला खेळाडू चेंडू यायच्या आधीच, तो हवेत किंवा वाटेत असताना, खांद्यावरून मागे दोन-तीनदा बघून घेतो. त्यामुळे चेंडू आल्याक्षणी त्याला माहीत असतं की मागे मोकळी जागा आहे की कुणी अंगावर येतंय. ही सवय शिकवता येते. आक्सुम २०२४ पासून म्येल्बीत होते. आधी हा संघ लांब चेंडू, शारीरिक ताकद आणि कोपऱ्यावरच्या किंवा थांबलेल्या चेंडूंवर मुख्यतः भिस्त ठेवायचा. आता चेंडू पायात ठेवून, दबावातून वाट काढत पुढे जायचं धाडसही आलं. जुन्याला टाकून नवं आणलं नाही, जुन्यावर नवं चढवलं. थांबलेल्या चेंडूंची धार तशीच राहिली.

कोळीवाड्यातल्या क्लबात मुख्याध्यापक आणि डॉक्टरेटवाला शेजारी बसायचे, ही जोडी मला फार आवडते. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत शोभेल अशी.

रचना कोणती खेळायचे?

पाठीशी तीन मध्य-बचावपटू, दोन्ही कडांवर खालीवर धावणारे दोन खेळाडू, पुढे तिघं. डावीकडे एलियट स्त्राउड आणि उजवीकडे हेर्मान योहान्सोन यांनी हंगामभर किती धाव घेतली याचा हिशेब मला कुठे मिळाला नाही, पण सामने बघताना दोघं प्रत्येक फ्रेममध्ये दिसायचे.

संघात कोण कोण होतं? सगळे गावचेच का?

नाही. कप्तान येस्पर गुस्ताव्हसोन. आघाडीला याकोब बेरीस्त्रोम, जो पूर्वी इथे खेळून गेला होता आणि परतून आला. सोबत गांबियाचा अब्दुली मान्ने. फिनलंडचा तिमो स्ताविट्स्की. मागे पस्तिशीतला तोम पेत्तेर्सोन, जो अमेरिकेत सिनसिनाटीकडूनही खेळून आला आहे. आणि दक्षिण आशियातल्या वाचकांना जवळचं वाटेल असं एक नाव: बचावपटू अब्दुल्ला इक्बाल, जो पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाकडून खेळतो.

तर गाव छोटं, पण नकाशा मोठा. मात्र तरुण हिरे शोधून आणून चकचकीत करून विकायचे असा एकसुरी धंदा नाही. वयाने मोठे, एकदा बाहेर जाऊन आलेले खेळाडू इथे परत येतात आणि त्यांच्यात तरुण मिसळतात. परतून येणं हा या संघाचा स्वभाव आहे. खुद्द प्रशिक्षकही परतूनच आलेले.

विजेतेपद कधी आणि कुठे पक्कं झालं?

सोमवार, २० ऑक्टोबर २०२५. योतेबोरी शहरातल्या गाम्ला उल्लेव्ही मैदानावर, आयएफके योतेबोरीविरुद्ध. आपण त्या शहराला गोथेनबर्ग म्हणतो. आयएफके म्हणजे ऐंशीच्या दशकात दोनदा यूईएफए (युरोपचा फुटबॉल महासंघ) चषक जिंकलेला क्लब, स्वीडिश फुटबॉलचा वाडाच म्हणायचा. त्यांच्याच अंगणात म्येल्बीने २-० असा सामना जिंकला. गोल केले बेरीस्त्रोम आणि पेत्तेर्सोन यांनी. तेव्हा ६६ गुण झाले आणि हम्मरबीपेक्षा अकरा गुण जास्त, तर उरलेल्या तीन फेऱ्यांत मिळू शकत होते फक्त नऊ.

त्या तीन फेऱ्यांतही म्येल्बी तिन्ही सामने जिंकला. विजेतेपद खिशात असताना, सणासुदीच्या मनःस्थितीत तीनही जिंकायचे! ७५चा आकडा त्यामुळे झाला. मला विचाराल तर संघाची खरी ओळख त्या तीन सामन्यांत आहे.

मोठे क्लब कुठे होते? माल्मो का मागे पडला?

माल्मो हा सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात जास्त वेळा विजेता ठरलेला क्लब. २०२४चा मुकुटही त्यांचाच, चोविसावा. २०२५ मध्ये ते सहाव्या क्रमांकावर राहिले. एकीकडे युरोपातले सामने, एकीकडे दुखापती, आणि दर तिसऱ्या दिवशी खेळायचं ओझं. म्येल्बीला युरोपचे सामने नव्हते, हा फायदा नक्की होता आणि तो नाकारायचं कारण नाही. पण आणखी अकरा क्लबांनाही तो फायदा होताच की.

दुसऱ्या क्रमांकावर हम्मरबी, तिसऱ्या गाइस, चौथ्या आयएफके. गाइस आणि आयएफके दोघंही योतेबोरीचे. स्टॉकहोमचा यूरगोर्देन पाचवा.

पैशांचं काय? एवढ्या छोट्या क्लबाला परवडतं कसं?

माल्मोच्या खर्चाशी म्येल्बीची बरोबरीच होत नाही. दोघांच्या ताळेबंदात कित्येक पटींचा फरक आहे. तिकिटांतूनही मोठा पैसा येत नाही, कारण मैदानच तेवढं आहे. हम्मरबीच्या घरच्या सामन्याला पंचवीस हजारांहून जास्त लोक येतात. म्येल्बीचं उत्पन्न स्थानिक उद्योजक, खेळाडूंची विक्री, साखळीकडून येणारा वाटा अशा अनेक छोट्या धारांतून येतं. मासेमारी आणि मिंक-फार्मवाल्यांनीही या क्लबाला अडचणीच्या काळात हात दिला आहे.

आणि एक मोठी गोष्ट: इथे कुणी परदेशी धनाढ्य येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. स्वीडनमध्ये ५१ टक्क्यांचा नियम आहे. क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त हक्क सदस्यांच्या संस्थेकडे असलाच पाहिजे. सदस्य म्हणजे वर्षाची वर्गणी भरणारी सर्वसामान्य माणसं. त्यामुळे माल्मो कितीही श्रीमंत झाला तरी तो इंग्लंडमधल्या क्लबांसारखा आभाळाला जाऊन भिडत नाही. दरी आहे, पण ओलांडता येण्याजोगी. हा नियम नसता तर हा हंगाम शक्य झाला नसता, असं मी ठामपणे म्हणेन.

अल्सवेन्स्कानमध्ये व्हीएआर नाही हे खरं आहे?

खरं आहे. पडद्यावर पाहून निर्णय फिरवायची पद्धत स्वीडनने घेतली नाही. कारण पुन्हा तोच, सदस्यांचा हक्क. चाहत्यांनी आपापल्या क्लबांच्या वार्षिक सभांमध्ये विरोधाचे ठराव मंजूर करून घेतले, क्लबांना ते पाळावे लागले, आणि २०२४ मध्ये महासंघाने तो विषय बाजूला ठेवला. गोल झाला की झाला. उडी मारायला परवानगीची वाट बघावी लागत नाही. पंचांच्या चुका होतात, आरडाओरडही होते, पण लोकांनी ते जाणूनबुजून निवडलं आहे.

विजेत्याला मिळतं काय? पदकांची पद्धत वेगळी आहे म्हणतात.

चषकाचं नाव लेन्नार्त योहान्सोन चषक. योहान्सोन हे यूईएफएचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. आधीचा चषक क्लारेन्स फोन रोसेन यांच्या नावाचा होता. त्यांचे नाझींशी असलेले संबंध उघड झाल्यावर नाव बदलण्यात आलं.

पदकं खरंच वेगळी आहेत. पहिल्याला सोनं. दुसऱ्याला ‘मोठं रौप्य’, तिसऱ्याला ‘छोटं रौप्य’, आणि कांस्य चौथ्याला. त्यामुळे स्वीडिश माणूस ‘आम्ही छोटं रौप्य मिळवलं’ म्हणाला तर तो तिसरा आला आहे असं समजावं.

त्याच हंगामात खाली कोण गेलं?

व्हेर्नामो आणि ओस्तेर थेट खाली गेले. आयएफके नोरशेपिंग चौदावा आला आणि पात्रता सामन्यांत ओर्ग्रीतेकडून हरून तोही गेला. नोरशेपिंग २०१५चा विजेता होता. दहा वर्षांत एक क्लब माथ्यावरून तळाला आणि दुसरा तळावरून माथ्याला, हा योगायोग या हंगामात एकत्र आला.

लोक लीस्टर सिटीशी तुलना करतात. ती बरोबर आहे का?

अर्धीच. २०१६ मध्ये अनपेक्षितपणे इंग्लंडची साखळी जिंकलेल्या या क्लबचं लीस्टर हे लाखोंचं शहर आहे, आणि त्यांच्यामागे थायलंडचा मोठा मालक होता. त्यापेक्षा नॉर्वेतल्या बोदो/ग्लिम्टशी तुलना जवळची. उत्तर ध्रुववृत्तापलीकडचं शहर, साधा क्लब, धीराने केलेली उभारणी, आणि २०२० मध्ये पहिलं विजेतेपद. पण बोदोतही पन्नास हजारांच्या आसपास लोक राहतात. स्वीडनच्या विजेत्यांत याआधी सर्वांत छोट्या गावाचा मान ओत्व्हिदाबेरी या कारखानदार गावाकडे होता, १९७२ आणि १९७३ मध्ये. हेल्लेविक त्याहूनही कितीतरी छोटं.

म्येल्बी आता चॅम्पियन्स लीग खेळणार?

विजेतेपदामुळे २०२६–२७च्या पात्रता फेऱ्यांत प्रवेश मिळाला. थेट मुख्य टप्प्यात नाही. स्वीडनच्या विजेत्याला त्या फेऱ्यांमधून वाट काढत जावं लागतं. पण युरोपातलं पहिलंच पाऊल, आणि तेही सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या दारातून.

चाहत्यांच्या संघटनेचं नाव विचित्र आहे, त्याचा अर्थ काय?

सिल्लास्त्रीबार्ना. ‘सिल’ म्हणजे हेरिंग मासा, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ साधारण ‘हेरिंगांचा गळा आवळणारे’. मूळची ही कोळ्यांना उद्देशून वापरलेली चिडवणी, ती यांनी स्वतःच अंगावर चढवली. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातला मासा. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला ते नाव समजावून सांगावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

सामना बघायला जायचं असेल तर?

माल्मो किंवा कोपनहेगनहून कार्ल्सक्रोनाकडे जाणारी ओरेसुंद गाडी पकडायची आणि सोल्वेसबोरीला उतरायचं. तिथून हेल्लेविक पंधराएक किलोमीटर, बसने. सामन्याच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा परतीच्या बसची वेळ आधी पाहून ठेवा, कारण संध्याकाळी फेऱ्या कमी होतात. तिकीट आधीच काढा. मैदान छोटं आहे आणि आता मागणी वाढली आहे. मे-जूनमध्ये गेलात तर सामन्याआधी किनाऱ्यावर फिरता येतं. वारा मात्र बारा महिने असतो, तेव्हा जाकीट न्यायचंच.

आणि बंदराजवळ धुरावलेला मासा मिळतो, हेरिंग नाहीतर ईल. कागदात गुंडाळून देतात. बाकावर बसून हाताने खायचा.